पीसी असेंबल करण्याआधी: कोणता पार्ट कशाला जुळतो, हे कसं तपासायचं

पार्ट बसला म्हणजे तो चालेलच असं नाही, आणि चालला म्हणजे पूर्ण ताकदीने चालतोय असंही नाही. न बसणारा पार्ट लगेच कळतो. बसतो पण चालत नाही, तेही पहिल्याच दिवशी कळतं. महाग पडतो तो तिसरा प्रकार: मशीन सुरू होतं, गेम चालतात, कशाचीच तक्रार नसते, आणि ६००० स्पीडची म्हणून घेतलेली रॅम वर्षभर ४८०० वर चालत राहते. पार्टची यादी तपासून देणाऱ्या साइट पहिले दोन प्रकार बऱ्यापैकी पकडतात. तिसरा आपला आपल्यालाच पकडावा लागतो, त्यामुळे खाली जास्त भर त्याच्यावर आहे.

आधी काम, मग प्रोसेसर

मशीन गेमिंगसाठी असेल तर बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला जातो, म्हणून कार्ड आधी ठरवा आणि प्रोसेसर त्याला साजेसा घ्या. व्हिडिओ एडिटिंग, कोडिंग, थ्रीडीचं काम असेल तर प्रोसेसर आणि रॅम आधी. ऑफिसचं काम आणि ब्राउझिंग एवढंच असेल तर वेगळं कार्ड लागतच नाही. पण इथेच पहिली फसगत होते.

सगळ्याच प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ येतो (उदाहरणार्थ कोअर आय५ १२४००एफ) त्यात ते नसतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) रायझनमध्ये आकड्यानंतर ‘जी’ असेल तरच असतं: ५६००जी मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही. एएम५ वर बहुतेक प्रोसेसरमध्ये निदान स्क्रीन दाखवण्यापुरतं ग्राफिक्स दिलेलं आहे, तिथेही ‘एफ’ वाले सोडून. वेगळं कार्ड न घेता ‘एफ’ प्रोसेसर घेतला, तर पंखे फिरतील, दिवे लागतील, स्क्रीन मात्र काळीच राहील.

‘जी’ प्रोसेसर घेऊन “कार्ड नंतर टाकू” असा बेत असेल, तर त्याच्या स्पेसिफिकेशनमधल्या पीसीआयई लेन, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या डेटाच्या वाटा, बघा. रायझन ५ ८५००जी कार्डाला फक्त ४ लेन देतो, ८६००जी आणि ८७००जी ८ देतात, तर साधा ७६०० पूर्ण १६ देतो. एएम४ चा ५६००जी १६ लेन देतो, पण त्या जुन्या पीसीआयई ३.० आवृत्तीच्या. पुढे दमदार कार्ड टाकायचंच आहे, तर मी ‘जी’च्या वाटेला जाणार नाही.

सॉकेट, चिपसेट, बायोस

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिन्ही एकत्रच ठरवायचे. यातला एक बदलला की बाकीचे दोन पुन्हा तपासावे लागतात.

सॉकेट आधी. सध्या नव्या मशीनसाठी विचारात येतात ते चार: एएमडीचे एएम४ आणि एएम५, इंटेलचे एलजीए १७०० आणि एलजीए १८५१. एएम४ जुना झालाय, पण स्वस्तात बसतो. त्यावर डीडीआर४ रॅम चालते. एएम५ २०२२ मध्ये आला, त्यावर फक्त डीडीआर५. एलजीए १७०० वर इंटेलची १२वी, १३वी आणि १४वी पिढी बसते, आणि बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते. एलजीए १८५१ हा कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा, पुन्हा फक्त डीडीआर५.

सॉकेट जुळला म्हणजे प्रोसेसर चालणारच, हा समज मात्र सोडून द्या. इंटेलची ६वी-७वी पिढी आणि ८वी-९वी पिढी दोन्ही एलजीए ११५१ वरच्या. तरी ८व्या पिढीचा प्रोसेसर २०० मालिकेच्या बोर्डावर अधिकृतरीत्या चालत नाही, ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. जुने पार्ट घेणारे यात अजूनही अडकतात.

म्हणून दुसरी तपासणी चिपसेटची, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपची (बोर्डाच्या नावातलं ‘बी’, ‘झेड’, ‘एक्स’ अक्षर तिचंच). इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, तर ‘के’ प्रोसेसर आणि ‘झेड’ चिपसेट दोन्ही हवेत. ‘बी’ बोर्डावर ‘के’ प्रोसेसर चालतो, पण त्या सोयीचे दिलेले पैसे वाया जातात. एच६१० वर तर रॅमचा वाढीव वेगही मिळत नाही. एएमडीमध्ये ‘बी’ आणि ‘एक्स’ दोन्हीवर ओव्हरक्लॉकिंग होतं, ए५२० आणि ए६२० वर प्रोसेसरचं होत नाही. बहुतेकांसाठी ‘बी’ बोर्ड पुरतो, आणि वाचलेले पैसे कार्डात घातलेले बरे.

स्वस्त बोर्डाची खरी मर्यादा असते ती वीज पुरवण्याची. प्रोसेसरच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा पूर्ण गोष्ट सांगत नाही. एएम५ वर ६५ वॅटचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेतो, १०५ चा १४२ पर्यंत, आणि १७० चा २३० पर्यंत. इंटेलच्या कोअर आय९ १४९००के वर १२५ वॅट लिहिलेलं असतं, कमाल मर्यादा २५३ ची. असा प्रोसेसर सगळ्यात स्वस्त बोर्डावर बसतो, चालूही होतो. पण जास्त लोड आला की बोर्डाचा वीजभाग तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. पैसे आय९ चे, काम आय५ चं.

तिसरी तपासणी बायोसची (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरची), आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाते. बोर्ड आधी बाजारात आलेला असतो आणि प्रोसेसर नंतर, त्यामुळे जुन्या साठ्यातल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. बी६५० बोर्ड आणि २०२४ मध्ये आलेले रायझन ९००० प्रोसेसर, बी६६० बोर्ड आणि १३वी-१४वी पिढी, बी४५० बोर्ड आणि रायझन ५००० या सगळ्या जोड्या चालतात, पण बायोस अपडेट असेल तरच. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडा, ‘सीपीयू सपोर्ट’ यादीत आपला प्रोसेसर शोधा, आणि त्याच्यासमोर लिहिलेली बायोस आवृत्ती टिपून ठेवा. मग विकणाऱ्याला विचारा की हातातल्या बोर्डावर कोणती आवृत्ती आहे. खोक्यावर तसा स्टिकर कधी असतो, कधी नसतो.

उत्तर खात्रीचं मिळालं नाही, तर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या. या सोयीत प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो. बोर्डाला २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर जोडायची. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून त्यात बायोसची फाइल टाकायची, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर तिला तेच नाव द्यायचं. एक अक्षर चुकलं तरी बोर्ड फाइल बघत नाही. पेन ड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच लावायचा, बटण दाबून धरायचं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

रॅम: इथे सगळ्यात जास्त वाया जातं

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तेव्हा बसत नसेल तर जोर लावू नका. एलजीए १७०० चा बोर्ड घेताना नावात ‘डी४’ आहे का ते बघा. एकाच नावाचे दोन बोर्ड निघतात, एक डीडीआर४ चा आणि एक डीडीआर५ चा.

वापरलेली सर्व्हरची रॅम स्वस्तात मिळते, तिच्या मोहात पडू नका. डीडीआर४ ची रजिस्टर्ड रॅम साध्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये नीट बसते, पण मशीन सुरू होत नाही.

किती घ्यायची ते कामावर, पण कशी घ्यायची त्याचा नियम एकच: एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्या. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन. एकच पट्टी लावली तर ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा नेणं) मिळत नाही, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला ते लगेच जाणवतं. “आत्ता दोन लावू, नंतर आणखी दोन घालू” हा बेत डीडीआर४ वर बऱ्याचदा निभावून जायचा, डीडीआर५ वर तो महागात पडतो. रायझन ७००० ला दोन पट्ट्यांसह अधिकृत वेग ५२०० चा आहे. चार लावल्या की तोच ३६०० वर येतो. नशिबाने जास्त मिळेलही, पण त्यावर हिशेब बांधू नये. पुढे ६४ जीबी लागेल असं वाटत असेल तर आत्ताच ३२ च्या दोन घ्या.

पट्ट्यांवर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. इंटेलकडे त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीकडे एक्सपो. एएम५ साठी ६००० चा वेग आणि सीएल (प्रतिसादाचा विलंब, कमी तितका बरा) ३० ही जोडी किंमत आणि स्थिरता या दोन्हींत चांगली बसते. त्याच्या वरच्या वेगांना मी तरी पैसे देणार नाही.

चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या साधारणपणे प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. मॅन्युअलमध्ये हे चित्रासह दिलेलं असतं.

ग्राफिक्स कार्ड

पीसीआयईच्या नव्या-जुन्या आवृत्त्या एकमेकींत चालतात, त्यामुळे कार्ड ‘बसेल का’ हा प्रश्न स्लॉटच्या बाबतीत फारसा येत नाही. प्रश्न लेनचा असतो. काही कार्डांचा कनेक्टर १६ लेनइतका लांब दिसतो, पण आत कमी लेन जोडलेल्या असतात. आरटीएक्स ४०६० ८ लेनचं आहे, आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ चं. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर याचा त्रास नाही. जुन्या ३.० च्या बोर्डावर मात्र ६५०० एक्सटी चांगलंच मंदावतं. जुन्या मशीनमध्ये नवं स्वस्त कार्ड घालणाऱ्यांनी एवढं बघूनच घ्यावं. इंटेलची आर्क कार्डं तर रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर पार गळपटतात, म्हणून ती सोय बोर्डाच्या बायोसमध्ये आहे का हे आधी पाहा.

एसएमपीएस

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. त्याच्या वॅटचा हिशेब सोपा आहे. रायझन ७ ७७०० कमाल ८८ वॅट, आरटीएक्स ४०७० सुपर २२० वॅट, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६० धरा. बेरीज साधारण ३६५. मग ४०० चा का नाही घ्यायचा? कारण कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि कमी ताकदीचा एसएमपीएस त्या क्षणी मशीन बंद करतो. या कार्डासाठी एनव्हिडिया ६५० वॅट सुचवते, ते योग्य आहे. एटीएक्स ३.० हे २०२२ चं मानक अशा उसळ्या लक्षात घेऊनच बनवलंय, म्हणून नवा एसएमपीएस घेताना ते किंवा त्यानंतरचं मानक मागा.

‘८० प्लस’चा ब्रॉन्झ किंवा गोल्ड शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतला माल किती चांगला, संरक्षण किती, हे तो सांगत नाही. अनोळखी कंपनीच्या गोल्डपेक्षा नावाजलेला, जास्त वॉरंटीचा ब्रॉन्झ केव्हाही बरा.

कनेक्टर मोजा. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनांच्या वायरीतून १५०. दोन ८ पिना लागणारं कार्ड असेल तर एसएमपीएसकडून दोन स्वतंत्र वायरी आणा. एकाच वायरीच्या टोकाला फुटलेली दोन तोंडं जड कार्डाला लावू नका. प्रोसेसरची ८ पिनांची वायर आणि कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला सारख्या, पण वेगळ्या. प्रोसेसरची बहुधा ४+४ अशी सुटते, कार्डाची ६+२ अशी.

नव्या मोठ्या कार्डांवर १६ पिनांचा छोटा कनेक्टर येतो, त्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यावर हे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या, आणि पूर्ण आत न बसलेला कनेक्टर हे त्यामागचं एक मोठं कारण ठरलं. नंतर त्याची सुधारित आवृत्ती, १२व्ही-२एक्स६, निघाली. तरीही लावताना पूर्ण आत गेला का ते नजरेने बघा, जराही फट राहू देऊ नका, आणि कनेक्टरपासून किमान ३५ मि.मी. सरळ गेल्यावरच वायर वाकवा.

आणि हे कधीही विसरू नका: मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावायच्या नाहीत. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी. प्लग बसतो, आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो.

कॅबिनेट आणि कूलर: मिलिमीटरचा खेळ

बोर्डाचं माप आधी. एटीएक्स ३०५ × २४४ मि.मी., मायक्रो एटीएक्स २४४ × २४४, मिनी आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट नाही.

कार्डाची लांबी बघताना कॅबिनेटच्या पानावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. समजा तिथे ‘कार्ड ३६० मि.मी.पर्यंत’ असं लिहिलंय आणि तुमचं कार्ड ३१० चं आहे. पन्नास मिलिमीटर शिल्लक, म्हणून निर्धास्त. मग तुम्ही लिक्विड कूलर घेता आणि त्याचा रेडिएटर पुढच्या बाजूला लावता. रेडिएटरची जाडी २७, पंख्यांची २५, मिळून ५२. उरले ३०८. दोन मिलिमीटरसाठी कार्ड आत जात नाही. रेडिएटर वर लावला तर हा प्रश्न सुटतो, पण मग वरची जागा, बोर्डाचे हीटसिंक आणि रॅमची उंची तपासावी लागते. शिवाय लिहिलेला आकडा पुढचे पंखे धरून आहे की पंख्यांशिवाय, हेही कंपनीगणिक बदलतं, तळटीप वाचा. कार्डाची जाडीही बघा, तीन स्लॉटची कार्डं आता सर्रास येतात आणि खालचा पीसीआयई स्लॉट झाकून टाकतात. वरच्या ३५ मि.मी.च्या नियमामुळे कार्ड आणि बाजूच्या काचेमध्येही तेवढी जागा हवी.

हवेवर चालणाऱ्या मोठ्या टॉवर कूलरची उंची १५५ ते १६५ मि.मी. असते. कॅबिनेटची मर्यादा १६० आणि कूलर १५८ चा, तर कागदावर जुळलं. पण कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. साधी रॅम ३२-३५ मि.मी. उंच असते, लायटिंगवाली ४० च्या पुढे जाते. मग पंखा ८-१० मि.मी. वर सरकवावा लागतो, आणि कूलरची खरी उंची तेवढ्याने वाढते. झाकण लागत नाही. म्हणून माझा सल्ला: मोठा टॉवर कूलर असेल तर बुटकी रॅम घ्या. रॅमच्या दिव्यांनी मशीन जलद होत नाही.

कूलर सॉकेटलाही जुळायला हवा. एएम४ चे कूलर एएम५ वर बहुतेक वेळा बसतात, पण बोर्डामागची मूळ प्लेट वापरणारेच. स्वतःची प्लेट लावणारे बसत नाहीत, कारण एएम५ ची प्लेट काढायची सोय नाही. इंटेलच्या एलजीए १७०० ची भोकं जुन्या सॉकेटपेक्षा वेगळ्या अंतरावर आहेत, त्यामुळे जुन्या कूलरला नवा किट लागतो. एलजीए १८५१ ला मात्र १७०० चाच किट चालतो. रायझन ५ ७६०० सोबत कूलर मिळतो, ७६००एक्स सोबत नाही. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरसोबतही कूलर धरू नका.

एसएसडी आणि बारीकसारीक

एम.२ हा आकार आहे, वेग नाही. त्याच आकारात साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडीही येते, साधारण ५५० एमबी वेगाची, आणि एनव्हीएमईही येते: पीसीआयई ३.० वर सुमारे ३५००, ४.० वर सुमारे ७००० एमबी प्रतिसेकंद. काही स्लॉटमध्ये फक्त एनव्हीएमई चालते. २२८० म्हणजे २२ मि.मी. रुंद, ८० मि.मी. लांब; बहुतेकांना हेच माप लागतं. बोर्डावर हीटसिंक दिलेला असेल तर हीटसिंक चिकटवलेली एसएसडी घेऊ नका, दोन्ही एकावर एक बसत नाहीत. जुन्या हार्ड डिस्क लावणार असाल तर मॅन्युअल वाचा: अनेक बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. डिस्क दिसत नाही म्हणून लोक वायरी बदलत बसतात, आणि कारण मॅन्युअलच्या तळटीपेत असतं.

कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्याचा वेगळा हेडर (वायर लावायची जागा) लागतो, स्वस्त बोर्डावर तो बहुधा नसतो. दिव्यांच्या दोन जाती आहेत: ३ पिनांची ५ व्होल्टची आणि ४ पिनांची १२ व्होल्टची. ५ व्होल्टचा पट्टा १२ व्होल्टच्या हेडरला लावला तर तो जळतो. बोर्डावर वायफाय आहे का तेही बघा. नावात ‘वायफाय’ नसेल तर नाही असंच समजा.

जुने पार्ट पुन्हा वापरत असाल तर विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं, आणि अधिकृत यादी साधारण इंटेलच्या ८व्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून सुरू होते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

खरेदी आणि पहिली सुरुवात

सगळे पार्ट थोड्याच दिवसांच्या आत घेऊन टाका. महिन्याला एक करत जमवलेत, तर पहिला पार्ट खराब निघाल्याचं कळेपर्यंत त्याची परत करायची मुदत संपलेली असते.

आल्यावर सगळं थेट कॅबिनेटमध्ये बसवू नका. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, एक पट्टी रॅम आणि एसएमपीएस जोडा, आणि स्क्रीन येते का बघा. कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डालाच लावायची, बोर्डाला नाही. एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) चालतं. काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. घाबरून बटण दाबू नका, वाट बघा. मग कॅबिनेटमध्ये बसवताना बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत, एकही जास्तीचा नाही, हे मोजून घ्या. जास्तीचा असेल तर तो बोर्डाला शॉर्ट करतो.

विंडोज टाकून झालं की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाकिटावरच्या आकड्याइतका दिसतो का ते पाहा. जीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर उघडून कार्डाला किती लेन आणि कोणती आवृत्ती मिळतेय ते बघा; आकडा कमी दिसला तर आधी कार्डावर थोडा लोड द्या, कारण रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला आवृत्ती खाली आणतं. लोडवरही लेन कमीच राहिल्या तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे का, नीट आत गेलंय का ते तपासा. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट बदला. १४४ हर्ट्झचा मॉनिटरही बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो.